जर्मन एकटीने शिकता येईल का? शहाद्याच्या एका परिचारिकेच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न शहाद्याहून आला आहे. विचारणारी परिचारिका एका खासगी रुग्णालयात पाळीने काम करते. तिचे म्हणणे थोडक्यात असे आहे: गावात जर्मनचा वर्ग नाही. एका ऑनलाइन वर्गात नाव घातले होते, पण रात्रपाळी आणि वर्गाची वेळ यांचा मेळ बसेना, म्हणून तो अर्ध्यावर सुटला. त्यानंतर मोबाइलवरचे ॲप एक दिवसही न चुकवता चालू आहे, यूट्यूबवरचे धडे पाहून झाले आहेत आणि ए 2 पातळीचे (ए 1 ते सी 2 या सहा पायऱ्यांतल्या दुसऱ्या पायरीचे) व्याकरण पुस्तकातून पुरे केले आहे. तरीही जर्मन माणूस बोलू लागला की काही उमगत नाही आणि स्वतः बोलायची वेळ आली की वाक्य जुळत नाही. धडगावकडून येणाऱ्या रुग्णांशी मात्र आपण पावरीत, म्हणजे सातपुड्यातल्या पावरा आदिवासींच्या बोलीत, निभावून नेतो, असेही तिने ओघात लिहिले आहे. बी 1 आणि पुढे बी 2 पातळीची तयारी स्वतःची स्वतः करता येते का, की नोकरी सोडून पुण्याला जाऊन राहणे हाच मार्ग आहे, असे तिने विचारले आहे.

थेट उत्तर आधी देतो. बी 1 पर्यंतची तयारी शहाद्यात राहून, पाळ्या सांभाळून करता येते, आणि बी 2 साठीही बहुतेकांना नोकरी सोडावी लागत नाही. मात्र तुम्ही सध्या जे करीत आहात तेच तसेच पुढे रेटले, तर ते होणार नाही. आणि यात तुमची मेहनत कमी पडते असे मुळीच नाही. मी जळगावात बरीच वर्षे जर्मन शिकवतो आहे. 2024 साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासंबंधी करार केल्यापासून चोपडा, शिरपूर, भुसावळ, नंदुरबार अशा ठिकाणांहून चौकशी वाढली आहे, आणि चौकशी करणाऱ्यांची हकिकत पुष्कळदा तुमच्यासारखीच असते: चिकाटी भरपूर, साधने मुबलक, वेळही जेमतेम काढलेला, आणि तरी कान व तोंड दोन्ही बंद.

वर्ग सुटला तेव्हापासून आपण एकटीने शिकत आहोत असे तुम्हाला वाटते, पण प्रत्यक्षात तुम्ही फक्त शिक्षक बदललात. आज कोणता धडा घ्यायचा हे ॲप ठरवते, कोणता शब्द पुन्हा विचारायचा हेही तेच ठरवते, बरोबर की चूक याचा निवाडा तेच देते आणि तुमची प्रगती किती झाली हेही तेच हिरव्या पट्टीवर दाखवते. तुमच्याकडे उरते ती फक्त हजेरी. ही शिस्त कौतुकाची आहे यात शंका नाही, पण जिला स्वयंअध्ययन म्हणतात ती गोष्ट वेगळी आहे. ज्या ॲपवर चार पर्यायांतून एक निवडायचा असतो, तिथे तुम्ही रोज ओळखण्याचा सराव करता. आठवून बोलण्याचा सराव त्यात होत नाही. म्हणजे तुमची अडचण जिथे आहे तिथे तुमचा वेळ जात नाही, आणि हे तुमच्या ध्यानात आणून देण्याची सोय त्या व्यवस्थेत नाही.

परकीय भाषेच्या अध्ययनात शिकणाऱ्याच्या स्वायत्ततेचा विचार सत्तरच्या दशकात युरोपात आकाराला आला. फ्रान्समधील नान्सी विद्यापीठाच्या भाषाकेंद्रात नोकरी-धंदा करणारी प्रौढ माणसे शिकायला येत; त्यांना ठरलेल्या वेळी वर्गात बसणे जमत नसे आणि प्रत्येकाची गरजही निराळी असे. तेथील अनुभवाच्या आधारे ऑन्री होलेक यांनी 1979 साली कौन्सिल ऑफ युरोपसाठी अहवाल लिहिला आणि आपल्या शिकण्याची धुरा आपल्या हाती घेण्याची क्षमता अशी स्वायत्ततेची व्याख्या त्यात केली. त्यांनी ही धुरा पाच निर्णयांत मांडली: उद्दिष्ट काय, आशय कोणता आणि कोणत्या क्रमाने, पद्धत कोणती, काम ठरल्याप्रमाणे चालले आहे की नाही यावर लक्ष कसे ठेवायचे, आणि शेवटी जे शिकलो त्याचे मूल्यमापन कसे करायचे. तुमची सध्याची स्थिती या पाच निर्णयांसमोर ठेवून पाहा; पाचही दुसऱ्याच्या हाती आहेत. आमच्या वर्गात नियमित येणाऱ्या मुलामुलींचेही तेच असते, त्यामुळे वर्ग सुटला म्हणून तुम्ही त्यांच्या मागे पडलात असे समजू नका.

आयर्लंडमधील डेव्हिड लिटल यांनी पुढे, 1991 साली, एक गैरसमज स्पष्टपणे दूर केला. स्वायत्तता म्हणजे शिक्षकाशिवाय शिकणे नव्हे. वर्गात बसूनही माणूस स्वायत्त असू शकतो, आणि खोलीत एकटा बसूनही पूर्णपणे परावलंबी असू शकतो. डेन्मार्कमधील लेनी डॅम या शाळेतल्या शिक्षिकेने तर लहान मुलांच्या इंग्रजीच्या वर्गातच हे करून दाखवले: आज काय करायचे, कोणाबरोबर करायचे आणि ते कसे झाले, हे मुलांनी आपापल्या वहीत नोंदवायचे आणि त्यावरून पुढचे ठरवायचे. ती वही तुम्हालाही लागणार आहे, म्हणून तिच्याकडे पुढे येतो.

तुम्ही पावरीचा उल्लेख सहज केला, पण मला तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ तीच वाटली. पावरी तुम्हाला कोणी शिकवली नाही. तिचे पुस्तक तुमच्याकडे नव्हते, ॲप नव्हते, परीक्षा नव्हती. रुग्ण समोर आला. कुठे दुखते, कधीपासून दुखते, जेवण झाले का, जुलाब किती वेळा झाले, बाळ दूध पिते का, एवढे तरी विचारता आले पाहिजे, हे तुम्ही ठरवलेत. हे उद्दिष्ट झाले. वॉर्डातल्या मावशींना विचारून ती पाच-दहा वाक्ये उचललीत, आधी प्रश्न आणि मग त्यांची संभाव्य उत्तरे, कारण प्रश्न विचारून उत्तर कळले नाही तर उपयोग शून्य. हा आशय आणि क्रम झाला, आणि मावशींना विचारून शिकणे ही पद्धत झाली. बोलताना रुग्णाच्या आईच्या चेहऱ्यावरून तिला कळले की नाही ते पाहिलेत, कळले नसेल तर वाक्य बदललेत. हे लक्ष ठेवणे झाले. आणि महिन्याभराने मावशींना हाक न मारता केस पेपरवर रुग्णाची तक्रार लिहिता आली, तेव्हा तुमचे मूल्यमापनही झाले. होलेक यांचे पाचही निर्णय तुम्ही न ठरवता घेतलेत, आणि म्हणूनच पावरी बोलता येते.

खानदेशातल्या माणसाला हे तसे नवे नाही. घरी अहिराणी किंवा लेवा गणबोली, शाळेत प्रमाण मराठी, बाजारात हिंदी, नवापूरकडे गुजराती, सातपुड्याच्या पायथ्याला भिली आणि पावरी. एवढ्या बोलींतून वाट काढीत आपण मोठे होतो. अहिराणी घरातल्या प्रत्येक पोराने वर्गात उत्तर देताना ओठावर आलेला ‘शे’ आवरून ‘आहे’ म्हटलेले असते. स्वतःच्या बोलण्यावर बोलता बोलता पहारा ठेवणे ही परकीय भाषा शिकताना लागणारी अवघड कसरत आहे, आणि ती आपल्याला सातव्या-आठव्या वर्षीच जमलेली असते. दुर्दैवाने तिला कोणी कौशल्य म्हणत नाही. उलट बोलीच्या वळणाबद्दल लाज वाटायला शिकवतात. असो.

पावरी आणि जर्मन यांत एक फरक मोठा आहे. पावरी बोलणारी माणसे तुमच्याकडे चालत येतात. जर्मन बोलणारे शहाद्याला येत नाहीत. म्हणून पावरीच्या बाबतीत जे परिस्थितीने आपोआप करवून घेतले ते जर्मनच्या बाबतीत तुम्हाला ठरवून घडवावे लागेल.

पहिला निर्णय उद्दिष्टाचा. ‘बी 1 करायचे आहे’ हे उद्दिष्ट म्हणून फार ढोबळ आहे. ए 1 पासून सी 2 पर्यंतच्या या पातळ्या कौन्सिल ऑफ युरोपच्या 2001 सालच्या चौकटीतून आल्या आहेत, आणि त्या चौकटीचा गाभा ‘मला अमुक करता येते’ अशा विधानांचा आहे. ऐकणे, वाचणे, संवाद करणे, सलग बोलणे आणि लिहिणे यांसाठी वेगवेगळी विधाने तिथे दिलेली आहेत. त्यांचा तक्ता मोफत मिळतो. तो समोर घेऊन प्रत्येक विधानापुढे ‘होय’, ‘अडखळत’ किंवा ‘नाही’ असे लिहा. बहुधा असे दिसेल की वाचनात तुम्ही बी 1 च्या उंबरठ्यावर आहात आणि ऐकण्यात ए 1 च्या पुढे सरकलेल्या नाहीत. मग ‘माझे जर्मन ए 2 आहे’ या वाक्याला काही अर्थ राहत नाही, आणि सगळ्या कौशल्यांना सारखा वेळ देण्याचा विचारही गळून पडतो.

दुसरीकडे परीक्षेचे स्वरूपही नीट माहीत हवे. ग्योथे-इन्स्टिट्यूट या जर्मन भाषा-संस्कृतीच्या संस्थेची बी 1 परीक्षा वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण अशा चार स्वतंत्र भागांची आहे. प्रत्येक भागात 100 पैकी 60 गुण लागतात, आणि हे भाग वेगवेगळे देता येतात. श्रवणाच्या चार उपभागांपैकी दोन दोनदा ऐकवतात, दोन एकदाच. लेखनात साधारण 80 शब्दांची दोन आणि 40 शब्दांचे एक अशी तीन कामे असतात. संभाषण बहुधा जोडीने असते: दोघांनी मिळून एखाद्या कार्यक्रमाचे नियोजन करायचे, एका विषयावर सलग बोलायचे, आणि एकमेकांना प्रश्न विचारायचे. परिचारिका म्हणून पूर्ण मान्यता मिळवण्यासाठी जर्मनीत साधारणपणे बी 2 पातळी मागितली जाते, म्हणून बी 1 हा तुमच्यासाठी मधला टप्पा आहे.

वेळेचा हिशेबही आत्ताच करून टाका, म्हणजे पुढे निराशा होणार नाही. बी 1 पर्यंत पोहोचण्यासाठी पूर्वज्ञानानुसार 45 मिनिटांच्या 350 ते 650 तासिका लागतात, असा ग्योथे-इन्स्टिट्यूटचा अंदाज आहे. त्यातले निम्मे काम तुमचे झाले आहे असे उदारपणे धरले, तरी घड्याळाचे सव्वाशे ते अडीचशे तास उरतात. आठवड्याला खरोखरचे सहा तास निघाले तर पाच ते दहा महिने. खरोखरचे म्हणतो, कारण भाजी निवडताना कानाशी लावलेला व्हिडिओ या हिशेबात धरायचा नाही.

आता ऐकण्याकडे येतो, कारण तुमचा खरा अडथळा तिथे आहे. ‘काही कळत नाही’ हे निदान नव्हे, ती नुसती तक्रार झाली. ‘अंग दुखते’ म्हणणाऱ्या रुग्णाला तुम्ही ज्या क्रमाने प्रश्न विचारता, तसेच इथेही विचारावे लागतात. एक मिनिटाचे ध्वनिमुद्रण घ्या, ज्याचा लिखित मजकूर उपलब्ध आहे असे. डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेचे अभ्यासक्रम मोफत आहेत आणि त्यांत असा मजकूर मिळतो. आधी दोनदा सलग ऐका. मग थांबवून थांबवून जे ऐकू आले ते लिहा. पाच-सहा वेळा मागे न्यावे लागले तरी हरकत नाही. मग मजकुराशी ताडून पाहा आणि प्रत्येक चुकीपुढे कारण लिहा. कारणे तीनच निघतात. एक, शब्दच माहीत नव्हता. दोन, शब्द माहीत होता, लिहिलेला दिसला असता तर ओळखला असता, पण कानाने ओळखला नाही. तीन, सगळे शब्द ऐकू आले, पण वाक्याचा अर्थ लागेपर्यंत पुढचे वाक्य निघून गेले.

या तिन्हींचे उपचार निराळे आहेत. पहिल्याला शब्दसंग्रह लागतो. दुसऱ्याला तोच तुकडा मजकूर पाहत मोठ्याने, वक्त्याबरोबर, त्याच्याच वेगाने म्हणावा लागतो, जोवर कान आणि अक्षर यांची गाठ बसत नाही. तिसऱ्याला नवे काही शिकायचे नसते. आधी समजलेलेच सोपे मजकूर भरपूर ऐकायचे असतात, म्हणजे वेग अंगवळणी पडतो. जे पुस्तकातून शिकले आहेत त्यांचे दुसरे कारण बहुधा भारी असते, आणि तेच लोक पहिल्या कारणावर औषध घेत शब्दांच्या याद्या पाठ करीत बसतात.

एक वाक्य जवळून पाहू. ‘इश रूफे झी मॉर्गन फ्र्यू नोख आइनमाल आन’, म्हणजे ‘मी तुम्हाला उद्या सकाळी पुन्हा फोन करते’. ‘आनरूफेन’ हे क्रियापद तुम्हाला पाठ असेल, पण इथे त्याचे शेपूट तुटून वाक्याच्या टोकाला गेले आहे. कान ‘आनरूफेन’ ची वाट पाहतो, त्याला ‘रूफे’ मिळते, आणि शेवटचा ‘आन’ वाऱ्यावर जातो. हे व्याकरणात तुम्ही वाचलेलेच आहे. ऐकताना शेवटच्या शब्दासाठी थांबण्याची सवय लागलेली नाही, इतकेच. अशी वाक्ये आठवडाभर फक्त शेपूट पकडण्यासाठी ऐका. एका आठवड्याला एकच लक्ष्य, हा माझा आग्रह आहे.

आकड्यांच्या बाबतीत तर मराठी माणसाने घाबरण्याचे काहीच कारण नाही. जर्मनमध्ये 85 हा आकडा ‘फ्युन्फ-उन्ट-आख्त्सिश’, म्हणजे ‘पाच आणि ऐंशी’ असा उच्चारतात. इंग्रजीच्या सवयीने मुले गोंधळतात, पण आपण स्वतः ‘पंच्याऐंशी’ म्हणतो, एकक आधी आणि दशक नंतर. तेव्हा जर्मन आकडे इंग्रजीतून न जाता थेट मराठीतून ऐका. तुमच्या कामात हे फार लागेल: तिकडे ताप सेल्सियसमध्ये सांगतात, आणि आपल्या सवयीचा 100 फॅरनहाइट तिथे ‘झीबन-उन्ट-द्रायसिश कोमा आख्त’, म्हणजे 37.8 होतो. रात्रपाळीत नोंदवही भरताना प्रत्येक रुग्णाचे तापमान, नाडी आणि रक्तदाब मनातल्या मनात जर्मनमध्ये म्हणा. यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही.

बोलण्याचेही असेच आहे. तुमची पाळी संपते तेव्हा पुढच्या सिस्टरला तुम्ही रुग्णांची माहिती देता. तीच माहिती, एका रुग्णाची, घरी आल्यावर मोबाइलवर जर्मनमध्ये मुद्रित करा. रुग्णाचे नाव घेऊ नका. दीड मिनिट पुरे. लिहून वाचायचे नाही. ‘डेअर पात्सिएन्ट हाट झाइट गेस्टर्न आबन्ट फीबर’, रुग्णाला काल संध्याकाळपासून ताप आहे. पुढे ‘वाइल एअर निश्ट श्लाफन कोन्टे’, कारण तो झोपू शकला नाही. या दुसऱ्या तुकड्यात ‘झोपू शकला’ आणि ‘श्लाफन कोन्टे’ यांचा क्रम तंतोतंत एक आहे, क्रियापदे शेवटी, आपल्यासारखी. म्हणून मराठी विद्यार्थी उपवाक्यात फारसे चुकत नाहीत; ते चुकतात मुख्य वाक्यात, जिथे क्रियापद दुसऱ्या स्थानी हवे असते आणि आपण सवयीने ते शेवटी ढकलतो. मुद्रण ऐकताना पहिल्यांदा फक्त हीच चूक शोधा. दुसऱ्या दिवशी तोच मजकूर पुन्हा बोला आणि दोन्ही मुद्रणे शेजारी ठेवून ऐका. आपला आवाज ऐकायला संकोच वाटतो, हे खरे. तो आठ-दहा दिवसांत जातो.

संवादासाठी दुसरे माणूस लागते. तुमच्यासारखेच शिकणारे दोघे-तिघे शोधून आठवड्यातून दोनदा अर्धा तास फोनवर बोलायचे ठरवा. दोघेही चुकीचे जर्मन बोलतील आणि चुका घट्ट होतील, अशी भीती नेहमी व्यक्त होते. ती पूर्णपणे खोटी नाही, पण बी 1 पर्यंत न बोलण्याचे नुकसान चुकीचे बोलण्याच्या नुकसानापेक्षा कितीतरी मोठे असते. आजकाल संगणकीय संवाद-साधनांशीही बोलता येते, आणि रात्री दोन वाजताही ती उपलब्ध असतात, ही पाळीत काम करणाऱ्यांची मोठी सोय आहे. मात्र त्यांना ‘माझे वाक्य सुधारून दे’ असे सांगू नका. ‘चूक कोणत्या शब्दावर आहे तेवढे दाखव, दुरुस्ती मी करते’ असे सांगा. सुधारलेले वाक्य वाचून माणूस ‘हो, असेच म्हणायचे होते मला’ असे म्हणतो आणि पुढे जातो. शिकत काहीच नाही.

शब्दसंग्रहाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यावर वाजवीपेक्षा जास्त लिहिले जाते. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून 1885 साली दाखवले की पाठ केलेले सुरुवातीला झपाट्याने विसरते आणि मग विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणून उजळणी वाढत्या अंतराने करावी. सेबास्टियान लाइटनर यांनी 1972 साली यासाठी कप्प्यांच्या पेटीची युक्ती सुचवली: आठवलेले कार्ड पुढच्या कप्प्यात, विसरलेले पुन्हा पहिल्यात. आज आंकीसारखे मोफत सॉफ्टवेअर तेच करते. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 सालच्या प्रयोगात पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवले, पण आठवड्याने स्वतःची चाचणी घेणारे पुढे गेले. तुमची कार्डे तुम्हीच बनवा, तीही तुमच्या ध्वनिमुद्रणात अडलेल्या शब्दांची, आणि मराठी बाजूवरून जर्मन आठवण्याची. दुसऱ्याने बनवलेला हजारो शब्दांचा तयार गठ्ठा उतरवून घेतला की निर्णय पुन्हा दुसऱ्याच्या हाती गेला.

आता वही. साधी दोनशे पानी वही घ्या. दर आठवड्याच्या सुरुवातीला एक ओळ: या आठवड्यात मला काय करता आले पाहिजे. ‘धडा 7’ असे लिहायचे नाही. ‘एका मिनिटाच्या संवादात कोण, कधी, कुठे हे दोनदा ऐकून सांगता येणे’ असे लिहायचे. रोजच्या नोंदीत काय केले, किती वेळ आणि कुठे अडले, एवढेच. आठवड्याच्या शेवटी स्वतःची परीक्षा, न पाहिलेल्या मजकुरावर. पाहिलेल्या मजकुरावर घेतलेली परीक्षा तुम्हाला खूश करील आणि फसवील. मग तीन वाक्यांत निकाल आणि पुढच्या आठवड्याचा निर्णय: तेच चालू ठेवायचे, पद्धत बदलायची, की लक्ष्य लहान करायचे. पाळ्यांचे वेळापत्रक हातात आले की त्यावरच अभ्यास मांडा: दिवसपाळीच्या आठवड्यात ऐकणे आणि बोलणे, रात्रपाळीच्या आठवड्यात फक्त कार्डे आणि वाचन. रात्रपाळीहून आल्यावर ऐकण्याचा कठीण सराव करून ‘मला येतच नाही’ असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ पाहिले आहेत. तो निष्कर्ष जागरणाचा असतो.

मला विचाराल तर होलेक यांच्या पाच निर्णयांत शेवटचा, मूल्यमापनाचा, आपल्याकडच्या विद्यार्थ्याला सर्वांत जड जातो. पहिलीपासून पदवीपर्यंत आपला निकाल दुसऱ्याने लावलेला असतो. स्वतः तपासायला बसले की एक तर सगळेच वाईट दिसते किंवा सगळेच ठीक दिसते. म्हणून सुरुवातीचे तीन-चार महिने तुमचे मूल्यमापन कोणातरी जाणकाराच्या मूल्यमापनाशी ताडून पाहणे आवश्यक आहे, आणि इथे शिक्षक लागतो. पंधरा दिवसांतून एक तास पुरतो. त्या तासाला त्याच्याकडून धडा घेऊ नका. एक मुद्रण आणि 80 शब्दांचे एक पत्र आधी पाठवा, त्यातल्या चुका तुम्हाला कोणत्या वाटतात ते लिहून पाठवा, आणि तासाला फक्त एवढे विचारा की माझ्या नजरेतून काय सुटले. पुढे पुढे सुटलेल्या चुका कमी होत गेल्या तर तुमची परीक्षक म्हणून तयारी होत आहे.

उच्चारासाठीही माणूस हवा, निदान सुरुवातीला. काही ध्वनी आपल्याला फुकट मिळतात: जर्मन ‘झेड’ चा उच्चार आपल्या ‘चमचा’तल्या ‘च’ च्या अगदी जवळचा आहे, आणि हिंदी किंवा इंग्रजीतून शिकणाऱ्यांना तो तितका सहज साधत नाही. उलट ‘फ्युन्फ’ मधला स्वर मराठीत नाही; ओठ ‘ऊ’ सारखे गोल ठेवून आतून ‘ई’ म्हणायचे, हे लिहून सांगता येते, पण झाले की नाही ते दुसऱ्याच्या कानालाच कळते.

राहिला पुण्याचा प्रश्न. नोकरी सोडून सहा महिने खोली घेऊन राहिल्याने भाषा येते असे नाही. तिथेही वर्ग संपल्यावर मराठीच बोलायची आहे, आणि घरून पैसे येतात म्हणून लवकर परीक्षा देण्याचे दडपण वाढते. ‘हमखास बी 2’ आणि व्हिसा एकत्र विकणाऱ्यांपासून दूर राहा. प्रमाणपत्र हाती असूनही मुलाखतीत नाव-गावापलीकडे बोलता न आलेली मुले मी पाहिली आहेत. तुमच्या बाबतीत मी असे सुचवीन: वहीतल्या चाचण्यांत न पाहिलेल्या नमुना प्रश्नपत्रिकेला सलग तीनदा 70 च्या वर गुण पडू लागले की त्या भागाची नोंदणी करा. वाचन आणि लेखन आधी देऊन टाका. श्रवण आणि संभाषण दोन-तीन महिन्यांनी द्या, आणि संभाषणाआधी आठ-दहा दिवसांची रजा मिळाली तर तेवढ्यापुरते पुण्याला जा, जोडीने सरावाला अनोळखी माणसे मिळावीत म्हणून. परीक्षेत समोर बसणारी व्यक्ती तुमच्या फोनवरच्या मैत्रिणीसारखी थांबून, सांभाळून घेणार नाही. पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनाच्या, म्हणजे तिथल्या ग्योथे-इन्स्टिट्यूटच्या, परीक्षांच्या तारखा आधी पाहून ठेवा. जागा लवकर भरतात, आणि रजेचा अर्ज त्या तारखेनुसार करावा लागेल.